लाँगबोच्या त्या फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुप्सवर फिरतेय. म्हणे १४१५ साली इंग्रज-फ्रेंच लढाईत, फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टला इंग्लिश शेतकऱ्यांनी दारातल्या यू नावाच्या सूचिपर्णी झाडाचे लाँगबो (माणसाएवढी उंच लाकडी धनुष्यं) केले, त्यांचे बाण फ्रेंच चिलखतातून आरपार गेले, आणि पकडलेल्या तिरंदाजांची दोन बोटं फ्रेंच कापायचे म्हणून दोन बोटं दाखवून चिडवायची ती 'व्ही'ची खूण आली. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून लिहितोय.

आधी बोटांचं. वाव्रँ नावाचा बखरकार त्या लढाईत फ्रेंचांकडून होता, तो लिहितो की इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री आपल्या सैनिकांना म्हणाला, फ्रेंच तुमची उजव्या हाताची तीन बोटं छाटणार आहेत. तीन! आणि तीही नुसती धमकी, तीसुद्धा हेन्रीच्या तोंडची. बोटं दाखवून चिडवल्याचं त्या काळात कुणीच लिहिलेलं नाही.

दारातलं झाड? चांगला यू आल्प्सकडून, स्पेनकडून यायचा. १४७२ ला तर इंग्लंडने कायदाच केला, की बाहेरून येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्याच. आणि कुठलीही फांदी चालत नाही हो, काठी अशी काढावी लागते की एका अंगाला सालीखालचं पांढरट लाकूड राहील आणि दुसऱ्या अंगाला गाभ्याचं तांबूस, मग पांढरं बाहेरून ताणलं जातं, तांबडं आतून दाबलं जातं, एकाच लाकडात दोन्ही कामं होतात. गाठ आली तर ती सपाट तासायची नाही, तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवायचं, नाहीतर तिथेच मोडतं.

चिलखताचं म्हणाल तर छातीवरचा चांगला पोलादी पत्रा बाण बहुतेकदा अडवायचा. घोडे जखमी व्हायचे, सांध्यांच्या फटीत बाण घुसायचे, ते खरं. पण त्या दिवशी नांगरलेलं शेत, रात्रभरचा पाऊस आणि दोन्हीकडे जंगल, फ्रेंच चिखलात रुतून एकमेकांवर चेंगरले आणि मग तिरंदाजच हातोडे, तलवारी घेऊन त्यांच्यात घुसले. उलट १४२९ ला फ्रान्समधल्या पाते या गावाजवळ इंग्लिश तिरंदाजांचे, घोडे अडवायला रोवायचे टोकदार खुंट ठोकून व्हायच्या आतच फ्रेंच घोडदळ आलं आणि त्या तिरंदाजांची कत्तल झाली.

आणि कुणीही उचलून मारावा असं हे हत्यार नव्हतंच. १३६३ ला इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने सणासुदीला तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला होता. १५४५ ला बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश युद्धजहाजावर शंभरावर अख्खे लाँगबो सापडले, ते ओढायला १०० ते १८५ पौंड जोर लागत असावा असा अंदाज आहे. आजचं ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं धनुष्य ५० च्या आसपास असतं! त्याच जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचं हाड, जे साधारण विशी-पंचविशीपर्यंत जुळून जातं, ते जुळलेलंच नाही, पोरवयापासून धनुष्य ओढून तसं झालं असावं असं अभ्यासकांना वाटतं.