तासाला १११ रुपये

शनिवार-रविवारी गंगापूर रोडवर उभं राहून एमएच ०१ ते ०४ च्या गाड्या मोजणं हा आमच्याकडचा फुकटचा उद्योग आहे. मुंबईकर नाशकात आराम करायला येतात. द्राक्षांच्या मळ्यात राहतात, धरणाकाठी फोटो काढतात आणि सकाळी मिसळीच्या रांगेत नेमके आमच्या पुढे उभे असतात. अशाच एका रांगेत पाऊण तास काढल्यावर आमच्या ह्यांना साक्षात्कार झाला.

"हे सगळे इथे आहेत, म्हणजे तिकडे मुंबई रिकामी असणार!"

मी पतपेढीत नोकरी करते. मार्च तोंडावर आला होता. त्याआधी दोन दिवस कुठेतरी पडून राहायचं, काहीही करायचं नाही, एवढीच माझी मागणी होती. ती मंजूर झाली आणि जुहूच्या एका हॉटेलात खोली ठरली. रस्त्याकडची खोली स्वस्त होती. समुद्राकडच्या खोलीला रात्रीला अडीच हजार जास्त. एरवी भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय न हलणाऱ्या या माणसाने समुद्राकडची खोली घेतली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

हिशोब पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बाहेर पडला. शनिवारी दुपारी दोनला खोली ताब्यात, सोमवारी सकाळी अकराला सोडायची. पंचेचाळीस तास. समुद्राचे जादा पाच हजार.

"तासाला १११ रुपये पडतात," हे म्हणाले.

म्हणजे दर तासाला समुद्राला एक आहेर!

आरामाला जायचं म्हणून आम्ही साडेचारला उठलो होतो. नाशिकचं स्टेशन नाशकात नाही, नाशिकरोडला आहे, आणि फेब्रुवारीतल्या त्या पहाटे रिक्षात बसायचं म्हणजे स्वेटर, शाल आणि सासूबाईंची कानटोपी. हा सगळा ऐवज कसारा उतरला की निरुपयोगी होतो. कल्याणपर्यंत तो अंगावरून मांडीवर आला आणि दादरला माझ्या हातात. पुढचे दोन दिवस मी मुंबईत तीन स्वेटर सांभाळत होते.

पंचवटी १९७५ पासून धावते आहे आणि तिच्यात रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या पासवाल्यांचं एक वेगळंच राज्य आहे. समोरच्या पासवाल्या काकांनी विचारलं, "ऑफिसचं काम का?"

"नाही, आराम करायला चाललोय."

काकांनी पेपर घडी करून ठेवला. "मुंबईला?" एवढंच म्हणाले, आणि उठून सासूबाईंना खिडकीची जागा दिली. तुरुंगात मुलाला भेटायला निघालेल्या आईला द्यावी तशी.

हॉटेलात अकरालाच पोचलो, पण खोली दोनलाच मिळाली. तोवर आम्ही तिघं आणि तीन स्वेटर खाली सोफ्यावर. दोनला पडदा सरकवला आणि मी खरंच गप्प झाले. समोर भरलेला, चमचमणारा समुद्र. अगदी हॉटेलच्या भिंतीशी आल्यासारखा. ह्यांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची खिडकीशी ओढली, तीही सिनेमाचं तिकीट काढलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

मी आडवी झाले.

"झोपतेस काय? बघ ना!"

"बघितला."

"परत बघ. चालू आहे तो."

अर्ध्या तासाने चहा मागवला. तो खिडकीशी प्यायचा. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तीही खिडकीशी. मी अंघोळीला गेले तर दारावर टकटक, "अगं, पंधरा मिनिटं झाली!" वरून हेलिकॉप्टर गेलं. जुहूचा विमानतळ १९२८ चा, आणि १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन इथेच उतरले होते, ही माहिती मला बंद दाराआडून मिळाली. "त्यांनी सी व्ह्यू घेतला होता का?" मी आतून विचारलं. उत्तर आलं नाही, कारण पाचच्या सुमाराला खिडकीत भलतंच काहीतरी घडत होतं.

समुद्र निघून चालला होता.

साडेसहाला, सूर्य बुडायच्या ऐन मुहूर्तावर, आमच्या खिडकीतून दिसत होतं ते ओल्या वाळूचं लांबच लांब मैदान, त्यावर चार कुत्री, आणि पार पलीकडे पाण्याची एक करडी रेघ. ह्यांनी खाली फोन लावला.

"सर, खिडकीतून समुद्र दिसत नाहीये का?"

"दिसतोय. पण लांब गेलाय."

"येईल सर परत."

"किती वाजता?"

हे त्या पोराला सांगता येईना. "आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्याचीसुद्धा वेळ ठरलेली आहे," असं ऐकवून ह्यांनी फोन ठेवला. दाखवताना एक आणि देताना एक, अशी त्यांची एकंदर भावना झाली होती.

इतका वेळ सासूबाई समुद्राकडे पाठ करून पडल्या होत्या. त्यांचं माहेर दापोलीकडचं. समुद्र त्यांनी लहानपणीच वापरून संपवला आहे. त्या कूस न बदलता म्हणाल्या, "आज तिथी काय?"

"द्वितीया. वद्य."

"मग तिथीची पाऊणपट कर. पाऊणकी येते ना? दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती होऊन गेली. आठच्या आत-बाहेर पुरती ओहोटी. पुढची भरती रात्री दोनला. उद्या आणखी पाऊण तासाने पुढे. आणि पौर्णिमा नुकतीच झाली आहे, उधाणाचे दिवस आहेत, म्हणून एवढा लांब गेला. अष्टमीला आला असतास तर भांगाचा असता, फार हलला नसता."

म्हणजे खोली घेण्याआधी आईला विचारायला हवं होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण खोलीत ते सगळ्यांना ऐकू आलं.

रात्री किनाऱ्यावर गेलो. मुंबई रिकामी आहे हा सिद्धांत तिथे निकालात निघाला. नाशकात आलेले मुंबईकर बहुधा नमुन्यादाखल पाठवलेले असतात, मूळ साठा तसाच आहे. बसायला चटई पसरली तर तिच्यावरून दोन क्रिकेटच्या मॅचेस आणि एक वाढदिवस गेला. आकाशात लाल-निळे दिवे लावलेली खेळणी उडत होती, त्यातलं एक सासूबाईंच्या अंबाड्यात उतरलं. पावभाजीच्या गाड्यांवर दहा तवे एकदम वाजत होते आणि दहा जण एकदम आम्हालाच हाका मारत होते. सासूबाईंनी काला खट्टा गोळा खाल्ला, ओठ जांभळे केले आणि "छान आहे हो गर्दी" म्हणाल्या. मला वाटतं, आमच्यातल्या त्या एकट्याच सुट्टीवर होत्या.

ती गर्दी एक वाजेपर्यंत खिडकीतून आत येत राहिली. एकला जरा शांत झालं, माझा डोळा लागला, आणि बरोबर दोनला गजर झाला.

"ऊठ. आलाय."

झोपेने मिटलेल्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण हे उभे होते, हाताची घडी घालून, डिलिव्हरी मोजून घेणाऱ्या दुकानदारासारखे. पुन्हा साडेसहाला गजर. सूर्योदय! सातपर्यंत आम्ही पश्चिमेकडच्या खिडकीत सूर्याची वाट पाहिली. तो वेळेवर हॉटेलच्या पाठीमागे उगवला, रस्त्याकडच्या स्वस्त खोल्यांवर. मी काहीच बोलले नाही. पतपेढीत कर्जदार स्वतःहून कबूल होईपर्यंत थांबायची सवय असते.

रविवारही असाच गेला. भरती सव्वादोनला, ऐन उन्हात. हे डोळे किलकिले करून तेही पाहत बसले.

त्या रात्री गजर लावायचा नाही असं मी बजावलं होतं. लावलाही नव्हता. आणि तरी अडीचच्या सुमाराला माझी मीच जागी झाले. हे घोरत होते. खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या, माझा स्वेटर अंगावर घेऊन. एसीत का होईना, तो एकदाचा कामी आला. खाली किनारा निर्मनुष्य. चंद्र वर आला होता, आणि पांढरी रेघ काळोखातून फुटत यायची, आडवी पसरायची, विरून जायची. त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. आम्ही बोललो नाही. वीसेक मिनिटं झाली असतील. सदतीस रुपये, असं माझ्या मनात आलं, आणि मग मला स्वतःचीच भीती वाटून मी जाऊन झोपले.

सोमवारी संकष्टी. सासूबाईंना चंद्रोदयाच्या सुमाराला घरी पोचायचं होतं, म्हणून संध्याकाळची पंचवटी. हे दादरला बसले आणि ठाण्याच्या आत झोपले. तोंड उघडं, मान माझ्या खांद्यावर. दोन दिवसांतली त्यांची राहिलेली झोप. कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली आणि सदतिसाला एक चढणीचा तो घाट गाडी कण्हत चढू लागली. इगतपुरी आली, दारातून ती ओळखीची गार हवा आत आली, तीन स्वेटर पुन्हा अंगावर चढले. पुढे काही वेळाने डोंगरामागून चंद्र वर आला. सासूबाईंनी हात जोडले.

"अहो, उठा, चंद्र बघा," मी ह्यांना हलवलं.

"झोपू दे गं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "या खिडकीचे वेगळे पैसे नाहीत."