आधी माणसे, मग पाखरे?

हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून आणलेली लांब चोचीची गिधाडे २०२४ मध्ये पेंचच्या जंगलात सोडण्यात आली, त्याची जुनी बातमी गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी टाकली. त्यावर नागपूरच्या माझ्या आतेभावाने, म्हणजे दादांनी, लिहिले, "दवाखान्यात माणसाला खाट मिळत नाही आणि सरकार गिधाडे पोसते आहे. आधी माणसे, मग पाखरे." अनेकांनी लगेच दुजोरा दिला. दादांविषयी मला आदर आहे, पण हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही, कारण माणूस एका पारड्यात आणि पाखरू दुसऱ्या पारड्यात, ही मांडणीच मुळात चुकीची आहे.

काटोलजवळच्या आमच्या गावी मेलेले जनावर गावाबाहेरच्या पडीत टाकले जाई. कातडे सोलून झाले की गिधाडे उतरत, मान आत खुपसत, पंख फाकवून एकमेकांना हुसकावत, आणि तासाभरात तिथे नुसत्या बरगड्या उरत. नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त झाले आणि ताप, सूज, लंगडणे अशा कशावरही ते जनावरांना सर्रास टोचले जाऊ लागले. ते अंगात असताना मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि त्याच्या हृदयावर, यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. एकाच जनावरावर अख्खा थवा जेवत असल्याने शंभरात एखादे जनावर असे निघाले तरी गिधाडे संपायला पुरेसे होते. मरणाचे हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, आणि तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादेच उरली होती.

मेलेली जनावरे मात्र पडतच राहिली. ती कुजू लागली, कुत्र्यांना आयते खाद्य मिळाले, कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले. दादा, ती माणसेच होती.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे टर्नपाइकच्या, म्हणजे टोलच्या महामार्गाच्या, कडेला मेलेल्या हरणावर गिधाडे बसलेली असतात आणि त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात पलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण दाखल होत होते आणि त्याच आठवड्यांत कावळे मरून पडत होते. माणसांच्या डॉक्टरांनी सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांमुळे होणारा एक मेंदूज्वर, असे निदान केले होते. पण त्या आजाराने पक्षी मरत नाहीत, म्हणून ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी दोन्ही मरणे जोडून पाहण्याचा आग्रह धरला, आणि माणसे आणि कावळे दोघांनाही मारणारा, अमेरिका खंडात प्रथमच शिरलेला वेस्ट नाइल विषाणू सापडला. त्यानंतर इथल्या आरोग्य खात्यांनी अनेक वर्षे मेलेल्या कावळ्यांची नोंद ठेवली. खाटेचा आणि पाखराचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, एवढेच मला दादांना दाखवायचे होते.

"तिथे बसून बोलणे सोपे आहे," असे त्यांचे उत्तर आले. ते मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. रात्री स्टेशनवरून घरी परतताना कुत्री त्यांच्या दुचाकीमागे लागतात, माझ्या नाही. भाच्याला कुत्रा चावला तेव्हा लसीसाठी दादा धावले आणि मी पैसे पाठवले. माझी मुलगी शाळेच्या बसमधून गिधाडे पाहते आणि तिला त्यात नवल वाटत नाही. मला मात्र त्या प्रत्येक गिधाडाबरोबर काटोलची पडीत आठवते. इतकी वर्षे राहूनही हे आभाळ मला आपले म्हणवत नाही, आणि ज्याला आपले म्हणतो त्याच्याविषयी बोलण्याचा माझा हक्क घरचेच मानत नाहीत.

तरीही एक प्रश्न विचारायला नागपुरात राहावे लागत नाही. दादांच्या कळमेश्वरकडच्या गोठ्यात म्हशी आहेत. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक वेदनाशामकेही २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहेत, आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्सिकॅम बाजारात मिळते. तुमचा डॉक्टर म्हशीला कोणते इंजेक्शन देतो, असे मी त्यांना फोन करून विचारले. माहीत नाही, विचारून सांगतो, असे ते म्हणाले आहेत.