फणसाचं उत्तर

भाचा यंदा चौथीत आहे, कराडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात प्रश्न आला : गटात न बसणारा शब्द ओळखा. आंबा, फणस, पेरू, बटाटा. पठ्ठ्याने फणसावर खूण केली. कारण विचारलं तर म्हणे, "फणस कापायचा तर आधी हाताला तेल लावावं लागतं. बाकीचे तसेच कापतात." गुण शून्य, वर लाल शाईत शेरा : आगाऊपणा नको. फोनवर वहिनी काळजीत, मागे दादा खो खो हसतोय. आणि मला इकडे सिंगापुरात वाटत राहिलं, हे पोर कुणाच्या तरी नजरेत भरायला हवं होतं.

शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीची पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीला आली. आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून महिनाभर धुमश्चक्री. कुठली इयत्ता बरी, गाईड कुठलं, क्लास दुसरीपासून लावावा का. गावोगावी शाळा चौथीपर्यंतच असतात, त्यामुळे चौथी मलाही रास्त वाटते. पण इयत्ता कुठलीही धरा, फणसावर खूण करणारा नापासच होणार ना?

इथे १९८४ पासून हुशार मुलांसाठी सरकारी कार्यक्रम होता. तिसरीत दोन टप्प्यांत चाचणी, त्यातून साधारण वरची एक टक्का मुलं, आणि त्यांच्यासाठी नऊ प्राथमिक शाळांत वेगळे वर्ग. मग ट्यूशनवाल्यांनी ती चाचणी हेरली. आमच्या मजल्यावरची एक मुलगी दुसरीत असल्यापासून दर शनिवारी सकाळी आकृत्यांची कोडी 'शिकायला' जायची. लिफ्टमध्ये भेटली की डोळे चोळत असायची. घरात पैसा आणि आईला सवड असली की एक टक्क्यात शिरायची वाट थोडी सोपी होते, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. (आपल्याकडे नसतं का?)

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ही पद्धत बंद होणार असल्याचं जाहीर केलं. आता तिसरीत इंग्रजी आणि गणिताची एकदाच चाचणी, जोडीला शिक्षकांचं निरीक्षण, आणि मूल आपल्याच शाळेत राहून जास्तीचं शिकणार. असं जास्तीचं शिकणारी मुलं आधी, ती वरची एक टक्का धरून, सात टक्के होती, ती दहा टक्क्यांवर न्यायची आहेत. माझी मुलगी २०२४ मध्येच पहिलीत गेली, म्हणजे प्रयोगाची पहिली खेप आमचीच.

मला हा बदल पटतो, तरी एक रुखरुख आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ पासून पाचवीला मुलं निवडून घेते. तिथे शिकलेली माझी एक मैत्रीण सांगते, की आपल्यासारखीच विचित्र प्रश्न विचारणारी पोरं वर्गात बघून तिला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. आपल्याच शाळेत राहिलेल्या मुलाला तसा सोबती कुठून मिळणार?

शिक्षकांच्या निरीक्षणाचं म्हणाल, तर न्यूयॉर्कनेही २०२१ मध्ये चार वर्षांच्या मुलांची चाचणी बंद करून शिक्षकांच्या शिफारशीवर भर दिला. पण शिक्षकालाही हात वर करून थांबणारं, सुवाच्य लिहिणारं मूलच आधी दिसतं. कंटाळून खिडकीबाहेर बघणारं किंवा उलट प्रश्न करणारं मूल ओळखायला शिकवावं लागतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बी.एड.मध्ये प्रतिभावान मुलांच्या शिक्षणाचा विशेष विषय ठेवता येईल, असं लिहिलंय. ग्रुपवर इयत्तेच्या वादातला अर्धा वेळ तरी त्यावर जावा. भाच्याच्या गुरुजींचाही दोष किती धरायचा? दोन वर्ग एकटे सांभाळतात, त्यात माहिती भरून पाठवायची ती वेगळीच.

परवा भाच्याने विचारलं, "आत्या, तिकडे फणस मिळतो का?" मी सुपरमार्केटमधला फोटो पाठवला : बिया काढलेले गरे, प्लास्टिकच्या डब्यात. थोड्या वेळाने त्याचा व्हॉइस मेसेज आला.

"मग तिकडे बटाटाच बरोबर."