पिकअप वाढवा, अ‍ॅव्हरेजचं पुढचं पुढं बघू

नवी कोरी छोटी एसयूव्ही दारात उभी राहिल्याला दोनेक महिने झाले की तुमच्या ध्यानात येतं: सनरूफ आहे, स्क्रीन मोठी आहे, सीटला गार हवासुद्धा येते, पण गाडीला पिकअप नाही. पुण्यात चांदणी चौकाच्या चढाला मागून एक दहा-बारा वर्षांची हॅचबॅक येते, डिपर मारते आणि पुढं निघून जाते. तीत पाच माणसं बसलेली असतात आणि मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' असतो. तुमच्या गाडीत तुम्ही एकटे आणि कर्जाचे ८३ हप्ते.

खचून जाऊ नका. यावर भरपूर उपाय आहेत. सगळे महाग आहेत, त्यामुळे त्यांच्या गुणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

एक पथ्य मात्र आधीच पाळा: गाडी मुळात अशी का, हे विचारू नका. विचारलंत तर उत्तर मिळेल आणि मन खट्टू होईल. २००६ साली सरकारने चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली. तेव्हापासून कंपन्या बरोबर ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या गाड्या काढतात. उरलेले पाच मिलिमीटर बहुधा देवाला. सप्टेंबर २०२५ पासून तर हीच रेघ १८ टक्के जीएसटी आणि ४० टक्के जीएसटी यांच्यामधून जाते. म्हणजे तुम्ही घेतलंत ते एक करनियोजन आहे. त्याला चाकं लावलीत, उंची जीपची दिली आणि तोंड रणगाड्याचं. आत इंजिन तीन सिलिंडरचं. बऱ्याचदा तेच इंजिन त्याच कंपनीच्या हॅचबॅकमध्येही असतं. ती क्विंटलभर हलकी, बुटकी म्हणून वाऱ्याला कमी आडवी येणारी, लाखाने स्वस्त, पळायला चपळ आणि पेट्रोल प्यायला कमी. पण ती घेतली असती तर पार्किंगमध्ये कुलकर्ण्यांच्या गाडीशेजारी लावायची कुठल्या तोंडाने?

तेव्हा उपायांकडे वळू.

सुरुवात पेडल बॉक्सने करा. पाच-दहा हजारांत मिळणारी ही डबी अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरीत बसते आणि तुम्ही पेडल पाव दाबलंत की इंजिनाला 'अर्धं दाबलं' असं कळवते. इंजिनाची ताकद एक तोळाही वाढत नाही. जो जोर तुम्हाला पाय थोडा जास्त दाबून फुकट मिळत होता, तोच आता पैसे देऊन कमी दाबून मिळतो. पण पहिल्या दिवशी गाडी असा काही हिसका देते की शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा शर्टावर येतो, आणि पिकअपचा याहून सबळ पुरावा कुणाला हवा असतो?

दुसरी पायरी रिमॅपची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलण्याची. गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांनी टर्बोचा दाब, इंधनाचं प्रमाण, ठिणगीची वेळ यांचे आकडे वर्ष-दोन वर्षं घासून ठरवलेले असतात. राजस्थानात चुरूला मे महिन्यात ४८ अंशांत आणि लेहला उणे दहात, कुठल्यातरी आडगावच्या पंपावरचं पेट्रोल भरून ही गाडी चालली पाहिजे, क्लच टिकला पाहिजे, धूर मर्यादेत राहिला पाहिजे, म्हणून त्यांनी थोडं हातचं राखून ठेवलेलं असतं. गॅरेजातला मुलगा लॅपटॉप जोडून ते हातचं अर्ध्या तासात काढून देतो. वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढल्याचं सांगतो आणि सोबत रंगीत ग्राफचा कागदही देतो. तो फ्रेम करून लावावा. वॉरंटीचा कागद काढायची आता गरज नसल्यामुळे त्याची फ्रेम रिकामी झालेलीच असते.

रिमॅपनंतर अ‍ॅव्हरेज पंधरावरून अकरावर येईल. घाबरू नका, दोष इथेनॉलवर ढकला. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे टाकीतली सहा-सात टक्के ऊर्जा खरोखरच गेलेली आहे. उरलेले वीस टक्के तुमच्या उजव्या पायाने नेलेत, पण ते कुणाला दिसत नाहीत. सरकारला शिव्या घालताना समोरचा हमखास मान डोलावतो. पायाला घालून बघा, कोणी ऐकून घेणार नाही.

आता मुख्य शस्त्रक्रिया. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाजवळ, एक स्टीलचा डबा असतो. मेकॅनिक त्याला 'कॅटकॉन' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ लेप. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या जाळीतून जाताना कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन बनून बाहेर पडतात. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा, ज्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेत तपासून भागत नाही, प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजावा लागतो. त्यापायी कंपन्यांनी या डब्यावर जीव तोडून काम केलं. गॅरेजवाला सांगेल, 'साहेब, हा डबा गाडीचा श्वास कोंडतो, उडवून टाकू.' टाका. तुमच्या फुप्फुसांचं काय, असं तो विचारणार नाही, त्यामुळे तुम्हालाही ते आठवायचं कारण नाही.

काढलेला डबा तो 'भंगार' म्हणून स्वतःकडे ठेवून घेईल. मजुरीतून पाचशे रुपये कमी करून देईल आणि तुम्ही खूश व्हाल. ज्या वस्तूत प्लॅटिनम आहे ती पाचशे रुपयांत देऊन, वर ती काढण्याची मजुरीही मोजून, हसत हसत घरी जाणारं गिऱ्हाईक रोज भेटत नाही. गॅरेजवाला दिवाळीला मिठाई पाठवतो तो उगाच नाही.

डब्याच्या जागी सरळ पाइप बसला की गाडीला आवाज येतो. पाचेक हॉर्सपॉवर आली तर आली, पण आवाज नक्की येतो, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. रात्री साडेअकराला सोसायटीत शिरताना हे विशेष जाणवतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय धूर आणि आवाजाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत दंड आहेच. पोलीस अधूनमधून जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरवतात. पण ते बुलेटवाल्यांचे. तुमच्यासारख्या सभ्य, कुटुंबवत्सल, बंपरवर 'बेबी ऑन बोर्ड' लावणाऱ्या माणसाच्या गाडीखाली वाकून कोण बघणार?

पीयूसीची काळजी तर अजिबात नको. पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या खोक्यात पेट्रोल गाडीची परीक्षा गाडी जागच्या जागी उभी असताना होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहून संपते. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथं कोणी मोजत नाही. नळी सायलेन्सरच्या आत गेली आहे की नुसती तोंडाशी टेकली आहे, हा प्रश्न परीक्षक आणि परीक्षार्थी दोघांनाही पडत नाही. नंबर प्लेटचा फोटो मात्र स्वच्छ आला पाहिजे.

एवढं झाल्यावर मोठे टायर घालायला विसरू नका. गाडी रुबाबदार दिसते. सोळा इंची चाकांच्या जागी अठरा इंची जड चाकं आणि जाडजूड टायर आले की प्रत्येक वेळी ते वजन गरागरा फिरवायला जास्त जोर लागतो, आणि टायरचा घेर वाढल्यामुळे सगळे गिअर लांबतात. म्हणजे रिमॅपने जो पिकअप मिळवला तो टायरने परत गेला. हिशेब चोख! स्पीडोमीटरही आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, तेव्हा चलान आल्यावर 'मी ऐंशीच्या आतच होतो' हे तुम्ही मनापासून म्हणू शकता. टपावर कॅरिअर लावा, तो बाराही महिने रिकामा ठेवा. डिकीत पाण्याचे कॅन, क्रिकेटचं किट आणि सासूबाईंनी गेल्या मे महिन्यात दिलेलं तांदळाचं पोतं असू द्या. बुलगार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, नाहीतर तोही सुचवला असता.

आता हा पिकअप वापरायचा कुठं?

शून्य ते शंभर तुमची गाडी पूर्वी तेरा सेकंदांत जात असेल, आता अकरात जाते असं धरू. पुण्यात शंभर गाठायला जागा हवी. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त लागत होती आणि जगातल्या सर्वांत मंद शहरांत आपला क्रमांक चौथा होता. म्हणजे ताशी अठरा. हे एके काळी सायकलींचं शहर होतं. वेग आपण प्रामाणिकपणे तोच राखला आहे, फक्त सायकल तेराशे किलोची केली.

पण हिंमत सोडायची नाही. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटला की पुढच्या सिग्नलपर्यंत मोकळे तीनेकशे मीटर मिळतात. तिथं दाबायचं. तेराशे किलोची गाडी ताशी साठवर नेली की तिच्यात १८० किलोजूल ऊर्जा साठते. पेट्रोलच्या ऊर्जेतली तीन चतुर्थांश इंजिन उष्णता म्हणून उधळतं, तेव्हा एवढ्यासाठी सुमारे २४ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे पेट्रोल लागतं. पुढचा सिग्नल लाल होतो, तुम्ही करकचून ब्रेक मारता आणि ते पाचही चमचे ब्रेकच्या डिस्कवर तापून हवेत जातात. अडीच रुपये. शेजारी रिक्षा येऊन उभी राहते, जिला तुम्ही मागच्या सिग्नलला धूळ चारली होती. रिक्षावाला तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. पुढच्या तीनशे मीटरना पुन्हा पाच चमचे.

जोरात वेग घेणं हे एवढं खर्चिक नसतं, हे इथं कबूल करायला हवं. रस्ता मोकळा असेल आणि घेतलेला वेग मैलभर उपयोगी पडणार असेल तर झटकन वेग घेऊन वरच्या गिअरला जाण्यात पेट्रोल फारसं वाया जात नाही. नासाडी होते ती घेतलेला वेग दोनशे मीटरवर ब्रेकने मारून टाकण्यात. पण लांबून लाल दिवा बघून पाय काढून घेणारा माणूस मागच्याला मठ्ठ वाटतो, तेव्हा तसं वागू नये. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं ते बटणही गाडीत बसल्या बसल्या आधी बंद करून टाकावं. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला इंजिन धडधडत राहिलं पाहिजे; तयारी लागते.

एक्सप्रेसवेवर तर तुमचं राज्य. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता, घाट सोडून मर्यादा शंभरची. सगळा रस्ता शंभराने गेलात असं धरलं तर ५७ मिनिटं, एकशेवीसने ४७. वाचलेली दहा मिनिटं फूड मॉलला वडापावच्या रांगेत उभं राहायला उपयोगी पडतात. शंभरावरून एकशेवीसला गेल्यावर वाऱ्याचा विरोध जवळजवळ दीडपट होतो आणि तुमची गाडी उंच कपाटासारखी चौकोनी असल्यामुळे त्याला तिच्यात धरायलाही भरपूर सापडतं. २०२४ पासून तिथं कॅमेरेही बसलेत. त्यांनी काढलेला फोटो चांगला येतो, चेहरा स्पष्ट दिसतो.

मग एके दिवशी घरातून प्रश्न येतो: 'पेट्रोलला महिन्याला एवढे?' तिथून पुढं तुम्ही अ‍ॅव्हरेज पंथाचे. हाही पंथ तितकाच कडक आहे. खंडाळ्याच्या उताराला गाडी न्यूट्रल करायची, कारण वडिलांनी प्रीमियर पद्मिनीत तेच केलं होतं. आताच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात आणि न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल पाजत राहतात, हे वडिलांच्या वेळेला नव्हतं. घाटातले फलक 'न्यूट्रल करू नका' असं ओरडत असतात. ते ट्रकवाल्यांसाठी, असं समजा. टायरमध्ये जादा पैसे देऊन नायट्रोजन भरा. फुकटच्या हवेत तो फक्त ७८ टक्के असतो. भरलेला दाब नंतर सहा महिने तपासू नका.

आणि कागदावरच्या अ‍ॅव्हरेजसाठी कंपनीशी भांडा. पौड रस्त्याजवळच्या टेकडीवर असलेल्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, नव्वदच्या वर न जाता तपासतात. त्याच टेकडीवर पहाटे चालायला म्हणून लोक आपापल्या एसयूव्ही घेऊन येतात, इंजिन चालू ठेवून एकमेकांची वाट बघतात आणि त्या एका फेरीत 'कंपन्या किती खोटं बोलतात' हा विषय पुरतो. लिटरभर पेट्रोल जळलं की दोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, हा विषय फेरीत सहसा येत नाही. चालताना दम लागतो.

पिकअप आणि अ‍ॅव्हरेज, दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यांसाठी एक फुकटची युक्ती गाडीबरोबरच आलेली असते. टर्बो इंजिन अठराशे आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. चढाला पाचव्या गिअरमध्ये पेडल जमिनीला टेकवण्याऐवजी तिसरा टाकला की चांदणी चौकातली ती हॅचबॅक आरशात दिसू लागते. टायरच्या हवेचा दाब दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. डिकीतलं तांदळाचं पोतं घरात नेता येतं. पण फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल पार्किंगमध्ये काय सांगणार? 'स्टेज टू (म्हणजे वरच्या पायरीचा रिमॅप) करून घेतलं' या वाक्यात जी मजा आहे ती 'गिअर बदलला' यात नाही.

तीन वर्षांनी गाडी विकाल. तेव्हा माळ्यावरून मूळ सायलेन्सर उतरवा, सोळा इंची चाकं परत चढवा, सॉफ्टवेअर जुनं टाकून घ्या. कॅटकॉनच्या जागी रिकामा डबा वेल्ड केलात तर खालून वाकून बघणाऱ्यालाही कळत नाही. जाहिरात अशी द्या: एकहाती गाडी, डॉक्टरांची, मुख्यतः हायवेवर चाललेली, अ‍ॅव्हरेज अठरा, एक रुपयाचं काम नाही. फोन येतील. चार-पाच जण तरी पहिला प्रश्न हाच विचारतील की पिकअप कसा आहे. त्यांना गॅरेजवाल्याचा नंबर द्या.