जंगल बंद आहे, तर बंद आहे

"आग शून्य टक्के आटोक्यात? मग चार दिवस ही माणसं तिथे करतायत तरी काय?"

हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये, ओट्यापाशी उभी राहून, एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात फोन. परवा आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा वाचला. लाँग वीकेंडला जायचं ठरलेला जंगलाचा भाग आगीमुळे बंद केलाय, कॅम्पसाइटचं बुकिंग रद्द झालंय, आणि ग्रुप पेटलाय. (हो, शब्द मुद्दाम वापरला.) "आग तिथून तीस मैल लांब आहे." "साठ टक्के विझली म्हणे, तरी उघडत नाहीत." "टॅक्स आपला, जंगल आपलं, कुलूप यांचं." उत्तर टाइप करायला घेतलं ते एवढं लांबलं की आता इथेच टाकतेय.

आधी ते टक्के. बातमीतलं साठ टक्के कंटेन्ड (आटोक्यात) म्हणजे साठ टक्के विझली असा अर्थ नाही. हे मलाही इथे कॅलिफोर्नियात येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं, म्हणून कुणाला हसत नाहीये.

२०२१च्या त्या ऑगस्टमध्ये आईला फोनवर सांगितलं, की आमच्या वरच्या डोंगरात मोठी आग लागलीय, इथे फॉल्समला गाडीवर राख पडतेय. ती म्हणाली, "वणवाच ना? मग गावातले बाप्ये जमून झोडपत का नाहीत?" तिच्या जागी ती बरोबर होती. भोरकडच्या आमच्या गावात चैत्राच्या आगेमागे रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची माळ दिसायची. आम्हा पोरांना ती शोभा वाटायची. मोठी माणसं मात्र जेवण अर्धं टाकून, ओल्या डहाळ्या तोडून वर जायची, आणि पहाटे काळी तोंडं घेऊन परत यायची. पण तो गवताचा वणवा. गुडघ्याएवढा, फार तर कमरेएवढा. करवंदीच्या जाळीत शिरला की जरा उसळायचा, तेवढंच. इथल्या सिएराच्या डोंगरात शंभर-शंभर फुटांचे पाइन आणि फर, त्यात दुष्काळाने वाळलेले, खाली वर्षानुवर्षं साचलेला पाचोळा. झाडाच्या शेंड्याला आग लागली की ठिणग्या वाऱ्यावर पार पुढच्या डोंगरावर जाऊन पडतात. तिथे डहाळी घेऊन कोण जाणार?

म्हणून तिथे आधी आगीला कुंपण घालतात. आपलं वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ना, तेच तत्त्व. आगीच्या वाटेवरचं जळण काढून टाकायचं. बुलडोझर आणि हातात कुदळ-फावडी घेतलेल्या टोळ्या खालची कोरी माती दिसेपर्यंत पट्टा साफ करत जातात. कधी त्या पट्ट्यापासून आगीच्या बाजूचं जंगल स्वतःच पेटवून देतात, म्हणजे मोठी आग येईपर्यंत तिला खायला काही उरत नाही. विमानातून तो लालसर द्राव टाकतात तोही आग विझवायला कमी आणि तिचा वेग मोडायला जास्त. आता या सगळ्या वेढ्यापैकी जेवढा भाग "इथून आग बाहेर जाणार नाही" अशा खात्रीचा झाला, तेवढे टक्के कंटेनमेंट. शेताला बांध घालायला घेतला आणि चार बाजूंपैकी एक बाजू पक्की झाली, तर पंचवीस टक्के. आत शेत पेटलेलं असलं तरी पंचवीसच. आणि हजारो माणसं चार दिवस राबली पण एकही बाजू खात्रीची झाली नाही, तर शून्य.

उलटंही होतं, आणि ते जास्त भीतीदायक आहे. १ जानेवारी २०२५च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्सच्या वर एक छोटी आग लागली. आठ एकर. ती आवरली, काम संपल्यासारखं वाटलं. सरकारी तपास सांगतो, की ती जमिनीखाली मुळांमध्ये धुमसत राहिली आणि ७ जानेवारीला सोसाट्याचा वारा सुटल्यावर तीच वर आली. पॅलिसेड्सच्या त्या आगीत बारा माणसं गेली, साडेसहा हजारांहून जास्त बांधकामं जळाली. म्हणून सगळे टक्के भरल्यावरही माणसं राखेत हात घालून फिरत असतात. अक्षरशः. हातमोजा काढून, उलटा हात जमिनीजवळ नेऊन ऊब लागते का बघतात, खणतात, पाणी मारतात, पुन्हा हात. तव्यावर हात धरून तो तापलाय का बघतो, तसं. दोन लाख एकरांच्या कडेने हे करायचं. त्या वेळी तुम्ही-मी पाठीवर सॅक घेऊन पायवाटेने यायचं का?

आता २०२१ची माझी गोष्ट. कॅल्डोर आग १४ ऑगस्टला लागली. दोन-तीन दिवसांत ग्रिझली फ्लॅट्स नावाचं गाव बहुतेक सगळं जळून गेलं. हायवे ५० आमच्या घराजवळून जातो. तोच वर प्लासरव्हिल, पोलॉक पाइन्स करत घाट चढून साउथ लेक टाहोला उतरतो. तर पोलॉक पाइन्सला राहणारी ऑफिसमधली मैत्रीण दोन कुत्री आणि सात कोंबड्या घेऊन आमच्याकडे आली. घर सोडायला तिला पंधरा मिनिटं मिळाली होती. तिने काय आणलं? पासपोर्ट, आजीचा बिडाचा तवा, कोंबड्यांचं खाद्य. चष्मा घरी राहिला. अकरा दिवस ती माझा जुना चष्मा लावून, डोळे बारीक करून आगीचा नकाशा बघायची. रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा दिसायचा, तो तिचाच असायचा. कोंबड्या गॅरेजमध्ये होत्या. बाहेर धुराने दुपारचा उजेड गढूळ पिवळा झालेला, त्यामुळे त्या चारलाच झोपायला बसायच्या.

३० ऑगस्टला आख्ख्या साउथ लेक टाहोला बाहेर पडायचा आदेश आला. बावीसेक हजार वस्तीचं गाव, आणि पश्चिमेकडचा रस्ता आगीनेच बंद, त्यामुळे सगळ्यांना शेजारच्या नेवाडा राज्याच्या बाजूला जायचं होतं. एक गाडी दुसरीच्या मागे, तासन् तास, वर तांबडा धूर. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आता मनात त्या रांगेत आणखी काही हजार गाड्या घाला. लेबर डेच्या सुट्टीला आलेल्या, टपावर कयाक बांधलेल्या, जीपीएसवर रस्ता शोधणाऱ्या. मग मला सांगा.

त्याच संध्याकाळी फॉरेस्ट सर्व्हिसने जाहीर केलं, की ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं बंद. सरसकट. मोडणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. आमचं बुकिंग उत्तरेला होतं, वर्षभर वाट बघून मिळालेलं, तळ्याकाठी, जवळपास कुठे धूरसुद्धा नाही. तेही गेलं. घरात निर्वासित मैत्रीण असताना मी वैतागले होते, हे कबूल करते. माणूस असा आहे. "तिकडे आग आहे म्हणून इकडे का बंद?" असं मी नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्या मैत्रिणीने कोंबड्यांना दाणे टाकता टाकता एवढंच विचारलं, "तिकडे पाय मुरगळला तर तुला न्यायला कोण येणार?"

आणि खरंच, येणार कोण? त्या उन्हाळ्यात डिक्सीची आग एकटी नऊ लाख एकरांवर पोचत होती, म्हणजे मुंबई सहा वेळा मांडावी एवढी. हेलिकॉप्टर तिथे, माणसं तिथे, बंब तिथे. जंगल बंद करताना सरकार तुमच्यावर आग लावल्याचा आरोप करत नसतं. "या आठवड्यात तुम्हाला सोडवायला आमच्याकडे कुणी उरलेलं नाही," एवढंच ते सांगत असतं. सरकारने एवढं खरं एरवी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

उघडं ठेवलं तर काय होतं तेही आदल्या वर्षी दिसलं होतं. २०२०च्या लेबर डे वीकेंडला फ्रेझ्नोच्या वरच्या डोंगरात क्रीक फायर लागली, आणि मॅमथ पूल नावाच्या जलाशयावर कॅम्पिंगला आलेल्यांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता आगीने कापला. दोनशेहून जास्त माणसं पाण्याच्या काठाला अडकली. काहीजण भाजलेले, काहींची हाडं मोडलेली. नॅशनल गार्डची हेलिकॉप्टरं रात्रीच्या अंधारात, धुरातून, नाइट व्हिजन लावून उतरली आणि ठासून भरून माणसं बाहेर काढली. या लोकांनी एकही नियम मोडला नव्हता. सुट्टीला आलेली साधी कुटुंबं होती, अगदी आपल्यासारखी. चार-पाच दिवसांत कॅलिफोर्नियातली अठराच्या अठरा राष्ट्रीय वनं बंद झाली. मला वाटतं, कुलूप लावायची हिंमत आधी झाली असती तर त्या वैमानिकांना तो जुगार खेळावा लागला नसता.

भारतातही हे घडून गेलंय. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून जास्त गेली. सह्याद्रीत पावसाळ्यात कलेक्टर गडांवर, धबधब्यांवर बंदी घालतात तेव्हा आपण नावं ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये कमरेएवढ्या वाळक्या गवतातून आपण बिनधास्त गड चढतो, आणि वर जाऊन चूल मांडतो. मी मांडलेली आहे. पिठलं उत्तम झालं होतं.

ग्रुपवरच्या एका मित्राचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो म्हणतो, आगी वीज कंपन्यांच्या तारांनी लागतात आणि दरवाजा ट्रेकरच्या तोंडावर बंद. २०१८ची कॅम्प फायर, जिने पॅराडाइज हे गाव सकाळच्या काही तासांत संपवलं आणि ८५ बळी घेतले, ती पीजी अँड ईच्या जुनाट वाहिनीमुळे लागली. ८४ मृत्यूंबाबत कंपनीने २०२०मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. यावर चिडायलाच हवं. मोर्चा काढा, मीही येते. पण ठिणगी तारेची असो, आकाशातल्या विजेची असो, की पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायच्या पार्टीतल्या रंगीत धुराच्या नळकांड्याची (हसू नका, २०२०मध्ये युकाइपाला तसंही झालंय, त्यात एक अग्निशामक गेला), पळायचा रस्ता तेवढाच अरुंद असतो. आणि अमेरिकेत जंगलाच्या दर शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी आगी माणसाच्या हातून लागतात, हेही त्या मित्राने लक्षात घ्यावं.

सरसकट बंदीत मूर्खपणाही असतो. २०२१ला राष्ट्रीय वनं बंद आणि त्यांना खेटून असलेलं योसेमिटी नॅशनल पार्क उघडं, कारण दोघांची खाती वेगळी. बंदीचे आदेश तर असे लिहिलेले, की आमच्या जमिनीचा सात-बारा बरा. कुठली पायवाट बंद, कुठली चालू हे कळायला मी एकदा तासभर एक पीडीएफ नकाशा मोठा-लहान करत बसले होते. यावर भांडा. सोप्या भाषेत लिहा म्हणून मेल करा. गेट ओलांडून आत जाऊन रील टाकणं म्हणजे भांडण नव्हे. आणि आगीवर ड्रोन तर नकोच नको. एक ड्रोन दिसला तरी पाणी टाकणारी विमानं उतरवावी लागतात.

अजून एक, आपल्या लोकांसाठी खास. इथे दोन पायऱ्या असतात: इव्हॅक्युएशन वॉर्निंग (निघायच्या तयारीत राहा) आणि इव्हॅक्युएशन ऑर्डर (आत्ता निघा). आपली सवय अशी, की "ऑर्डर येऊ दे, मग बघू." आजी-आजोबा घरी असतील, लहान मूल असेल, कुत्रं-मांजर असेल, तर वॉर्निंगलाच निघा. पॅलिसेड्सला लोक सनसेट बुलेव्हार्डवर गाड्या सोडून पायी पळाले, आणि मग बंबाला वाट करायला त्या गाड्या बुलडोझरने बाजूला ढकलाव्या लागल्या. त्याच दिवशी लॉस एंजेलिसजवळच लागलेल्या ईटनच्या आगीत पश्चिम अल्ताडेना या वस्तीला आदेश पोचला तो फार उशिरा. त्याच आठवड्यात लॉस एंजेलिस काउंटीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या फोनवर चुकून इव्हॅक्युएशन वॉर्निंगचा मेसेज गेला. म्हणजे यंत्रणा उशिराही बोलते आणि भलतंही बोलते. डोळे, नाक आणि शेजारी यांच्यावर जास्त भरवसा ठेवा.

आमची बॅग मे महिन्यापासून दाराशी असते. पासपोर्ट, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड), औषधं, चार्जर, एक जादा चष्मा (हा धडा कुणाकडून घेतला ते वर आलंच), आणि सासूबाईंनी दिलेले देवघरातले टाक, मऊ फडक्यात गुंडाळून. टाक बॅगेत म्हणून मे ते नोव्हेंबर देव्हाऱ्यात तसबीर. सासूबाईंना हे पसंत नाही. देवांची तक्रार अजून तरी आलेली नाही.

साउथ लेक टाहो वाचलं, बरं का. स्की रिसॉर्टवाल्यांनी बर्फ पाडायची यंत्रं लावून उतार भिजवले, वारा पडला, आणि गावातलं एकही घर न जळता आग वळली. ५ सप्टेंबरपासून लोक परत येऊ लागले, तर मधल्या काळात अस्वलं घरांमध्ये शिरून फ्रीज साफ करून गेलेली. माझ्या मैत्रिणीचं घरही राहिलं. ती परत गेली तेव्हा ओट्यावर चष्मा होता तिथेच होता, वर राखेची साय. आग कागदोपत्री शंभर टक्के कंटेन्ड झाली ती २१ ऑक्टोबरला.

तर ग्रुपसाठी: बुकिंगचे पैसे परत आलेत, बघून घ्या. शनिवारी अकराला सगळे आमच्याकडे. मिसळ आहे, ताक आहे, पाव तुम्ही आणा. हवेच्या प्रदूषणाचा आकडा दीडशेच्या वर गेला तर आत बसू. कोळशाची शेगडी कुणीही आणू नये.