‘पॅड चढवा आणि बसवा’ म्हणणाऱ्यांना

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या-खेळवणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला, आणि त्यातल्या दोघांना तो मनापासून पटलेलाही दिसला. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलींच्या कॅचिंगचं, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरनं टाकलेले चेंडू घेण्याचं, उगाच अवडंबर माजवलंय. धीट, अंगापिंडानं मजबूत मुलगी बघा, पॅड चढवा, होमप्लेटमागे (बॅटर उभी राहते तिथे) बसवा. झेलता झेलता येतं. हातात जोर असेल तर ती स्टील (फटका नसतानाच रनरनं पळून पुढचा बेस घेणं) अडवेल, नसेल तर कोच काय करणार? पॅड असल्यामुळे लागायचा प्रश्न नाही. आणि डोकं चालवायला डगआऊटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकावर, कोच बसलेला असतोच.

वाचून आधी हसू आलं, कारण मला नेमकं असंच कॅचर केलं होतं. त्याची खूण माझ्या उजव्या अनामिकेवर आहे. वरचं पेर आजही सरळ होत नाही. त्या बोटाकडे येतेच. पण मेसेज ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं जाऊ.

‘धीट मुलगी बघा, काम झालं.’

तोंडासमोर वेगानं काही आलं की पापण्या मिटतात आणि मान वळते. धीटांचीही वळते, कारण शरीराची रचनाच तशी आहे. आता प्लेटच्या अलीकडे टप्पा पडलेला चेंडू घ्या. धीट मुलगी काय करते? हात पुढे घालून तो उचलायला जाते. चेंडू मिटखालून, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्याखालून, सटकतो, रनर पुढच्या बेसवर जातो आणि डगआऊटमधून ओरड येते, ‘अगं, अडव ना!’

अडवायचं कसं, हे मात्र तिला कुणी दाखवलेलं नसतं. आधी मिट जमिनीवर टेकवायचा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे. मोकळा हात मिटच्या मागे. हनुवटी छातीला, खांदे पुढे ओढून पाठ गोल, आणि चेंडू आदळायच्या क्षणी श्वास सोडलेला. ताठ छातीवर चेंडू भिंतीवर आदळावा तसा उडतो, सैल छातीवर तो जिरतो आणि पुढ्यात पडतो. झेलायचा नसतोच तो, समोर पाडायचा असतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि यातली जवळजवळ प्रत्येक हालचाल शरीराच्या आपसूक प्रतिक्रियेच्या उलट. उपजत जे येतं तेच इथे चुकीचं असतं, मग ‘आपोआप’ काय शिकणार?

माझ्याकडे एक बारा वर्षांची मुलगी आली होती. मैदानावर कुणाला न घाबरणारी, पण टप्पा पडला की डोकं हमखास डावीकडे. तिला पूर्ण पॅडमध्ये गुडघ्यांवर बसवलं, हात पाठीमागे बांधायला सांगितले आणि तीन-चार पावलांवरून टेनिसचे चेंडू हळूच छातीवर टाकले. झेलू नकोस, अडवू नकोस, फक्त लागताना बघ. पहिल्या दिवशी वीसपैकी सोळा वेळा डोळे मिटले. दहा-बारा दिवसांनी ती कंटाळून म्हणाली, ‘ताई, आता खरा चेंडू टाका ना.’ माझ्या मते तिचं कॅचिंग त्या दिवशी सुरू झालं. पॅड तर ती वर्षभर चढवत होती.

‘झेलता झेलता येतं.’

सरावाला पर्याय नाही, हे मान्य. पण सराव कुणाचा, ते बघा. पिचर शंभर चेंडू टाकते आणि कोच तिच्या शेजारी उभा राहून तिचं मनगट, तिचं पाऊल, तिचा वेग बघतो. समोर शंभर वेळा बसलेल्या मुलीकडे त्याची नजर एकदाही जात नाही. ती त्या वेळात जाळीचं काम करत असते, फरक इतकाच की जाळी चेंडू परत फेकत नाही. आणि अशा शंभर चेंडूंत बॅट नसते, रनर नसतो, बंट (बॅट नुसती टेकवून हळू मारलेला चेंडू) नसतो, अंपायर नसतो.

मागे उंच उडालेला फाऊल घ्या. फिरकीमुळे तो खाली येताना मैदानाच्या दिशेनं परत वळतो, म्हणून कॅचरनं मैदानाकडे पाठ करून त्याच्याखाली उभं राहायचं असतं. मास्क काढायचा, पण चेंडू दिसल्यावर, आणि तो लांब, विरुद्ध दिशेला फेकायचा, नाहीतर पळताना मास्कवरच पाय पडतो. पिचरचे दहा हजार चेंडू झेलले तरी यातलं काही कळणार नाही.

शिवाय सवय चुकीचीही लागते. खालच्या स्ट्राइकवर मिट वरून खाली नेत झेलला, की अंपायरला तो ‘बॉल’, म्हणजे स्ट्राइकच्या हद्दीबाहेरचा चेंडूच दिसतो. मिट आधीच खाली ठेवून वर येत झेलला, तर तोच चेंडू स्ट्राइक ठरण्याची शक्यता वाढते. वर्षभर पहिल्या पद्धतीनं झेलून लागलेली सवय मोडायला पुढचं वर्ष जातं.

‘हातात जोर असेल तर स्टील अडवेल.’

हा मुद्दा सगळ्यात खरा वाटतो, म्हणून आकडेच मांडते. दोन बेसमधलं अंतर 60 फूट. होमप्लेट ते दुसरा बेस सुमारे 84 फूट 10 इंच, म्हणजे 26 मीटरला थोडं कमी. पिचरच्या हातून चेंडू सुटला की रनर बेस सोडू शकते. ती दुसऱ्या बेसवर 3.2 सेकंदांत पोचते असं धरू. 40 फुटांवरून ताशी 70 किलोमीटरनं आलेला चेंडू कॅचरकडे यायला साधारण 0.6 सेकंद घेतो. उरले 2.6. कॅचरचा थ्रो ताशी 65 किलोमीटरचा असेल तर त्याला 1.4 सेकंद लागतात. म्हणजे चेंडू मिटमधून हातात घेणं, पाय वळवणं, फेकणं आणि तिकडे रनरला चेंडू लावणं (टॅग), एवढ्या सगळ्याला 1.2 सेकंद.

थ्रोचा वेग 5 किलोमीटरनं वाढवला तर वाचतो सेकंदाचा दहावा भाग. वाढत्या वयाच्या मुलीचा वेग तेवढा वाढायला अख्खा मोसम जाऊ शकतो. उलट मिटमधून चेंडू काढताना हात पुढे नेण्याऐवजी मिटच कानाजवळ आणणं, उभं राहून मग वळण्याऐवजी उठतानाच उजवं पाऊल आत टाकणं, यात दोन-तीन दशांश सहज सुटतात. आणि ते शिकवता येतं. जोर नसला तर कोच काय करणार, याचं उत्तर हे आहे. (जोरदार हाताच्या मुलीचा थ्रो सेंटर फील्डला जाताना मी इतक्यांदा पाहिलाय, की हल्ली हात बघायच्या आधी पाय बघते.)

‘पॅड असतात, लागत नाही.’

आता बोट. पॅड छातीला असतात, नडग्यांना असतात, मोकळ्या हाताला काहीच नसतं. मी तो हात मिटच्या बाजूला उघडा धरायचे, झेलायला सोपं जातं म्हणून. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. मग एका फाऊल टिपनं, म्हणजे बॅटच्या निसटत्या स्पर्शानं, चेंडू जेमतेम इंचभर वळला आणि बोटावर बसला. बेसवर कुणी नसताना तो हात घोट्यामागे किंवा पाठीमागे, रनर असताना मिटच्या मागे आणि अंगठा मुठीत ठेवायचा. शिकवायला पाच मिनिटं लागतात.

मास्क आणि गळ्याचा गार्ड समोरून येणाऱ्या चेंडूसाठी बनवलेले असतात. मान वळली की बाजूनं गळा उघडा. म्हणजे डोळे उघडे ठेवायला न शिकवता पॅड चढवले तर ते पॅडही अर्धेच कामाचे.

आणि गुडघे, खांदा? 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत 413 चेंडू टाकले, तो आकडा आजही सांगितला जातो. प्लेटमागच्या बैठका मोजल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. लहान मुलींच्या स्पर्धांत हेच होतं. पिचर आलटूनपालटून, कॅचर दिवसभर तीच, आणि बॅटला न लागलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू तिनं परत फेकायचा. झपाट्यानं उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखायला लागतं, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, आणि सतत बसण्या-उठण्यानं ते चिघळतं. संघात किमान दोन कॅचर तयार करा. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

‘डोकं चालवायला कोच आहे.’

चेंडू कोणता टाकायचा, ते कोच खुणेनं सांगेल. चेंडू सुटल्यानंतर कोण सांगणार? मैदानातल्या बाकी आठ जणींची तोंडं प्लेटकडे असतात, सगळं मैदान समोर दिसणारी ही एकटीच.

मागच्या मोसमात एका सामन्यात दोन आऊट होते, तिन्ही बेसवर रनर, बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर चुकली आणि चेंडू मिटमधून निसटला. अशा वेळी बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते, म्हणून सगळ्यांना पुढे सरकावं लागतं आणि तिसऱ्या बेसवरच्या रनरला होमप्लेटला यावंच लागतं. चेंडू हातात घेऊन प्लेटला पाय लावला की इनिंग संपली. समोरच्या संघाच्या कॅचरनं चेंडू झटकन उचलला, अगदी चपळाईनं. डगआऊटमधून कोच ओरडला, ‘पहिल्याला, पहिल्याला!’ तिनं जीव खाऊन थ्रो केला आणि तो राइट फील्डला गेला. दोन रन झाले. प्लेट तिच्या डाव्या बुटापासून वीतभर अंतरावर होती.