‘दुकानात मध, घरी पत्र्याचा डबा’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय मी शनिवारी रात्री वाचला आणि रविवारी सकाळी पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही साताऱ्याहून पुण्याला आमच्या दुकानात आलात, दीड तास वाजवून पाहिलंत आणि लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे गिटारचे वेगवेगळे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचे आवाज आत तयार करणारा मॉडेलर, घेतलात. दुकानात आवाज अंगावर काटा आणणारा होता. घरी तोच आवाज अ‍ॅम्पमधून ‘पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा’ आणि हेडफोनवर ‘मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा’ येऊ लागला. फोन केलात तर आम्ही घाईत ठेवून दिला. शेवटचं वाक्य असं: ‘क्वाड कॉर्टेक्सच घ्यायला हवा होता, यांनी स्वस्तातलं गळ्यात मारलं.’ (क्वाड कॉर्टेक्स हा दुसऱ्या कंपनीचा, महाग मॉडेलर.)

फोन मीच घेतला होता. दुकानात गर्दी होती, ‘तासाभरात करतो’ म्हणालो आणि केला नाही. माफी मागतो. सबब काही नाही.

त्याहून मोठी चूक तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. दीड तासात मी तुम्हाला तुमची गिटार, तुमचा बँड, आवडते गिटारवादक, सगळं विचारलं. घरी हे यंत्र कशाला जोडणार, एवढंच विचारलं नाही. आमच्याकडे तुम्ही ऐकलंत ते ८ इंची स्टुडिओ मॉनिटरच्या जोडीवर, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत, ९० डेसिबलच्या आसपास. फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर एवढा आवाज कोण लावू शकतं? आवाज कमी केला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधलेच तेवढे उरतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे मोजून ठेवलं आहे. मोठ्या आवाजात जमवलेला टोन हळू आवाजात पातळ लागणार, आणि घरी हळू आवाजात बेस-ट्रेबल वाढवून जमवलेला टोन स्टेजवर गदगदणार आणि टोचणार. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणं माझं काम होतं.

आता तुमच्या घरचं. फोनवर दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या होत्या, त्या मी वहीत लिहून ठेवल्या होत्या. एक, स्टॉम्प तुम्ही जुन्या १० वॉटच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जोडला आहे. दोन, कुठल्याशा व्हिडिओत पाहून कॅब ब्लॉक, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल करणारा भाग, बंद केला आहे. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं.

मॉडेलर म्हणजे फक्त अ‍ॅम्प नव्हे. प्रीअ‍ॅम्प (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा), पॉवर अ‍ॅम्प (तो आवाज मोठा करणारा पुढचा टप्पा), स्पीकरचं खोकं आणि त्याच्यासमोर लावलेला माइक, ही सगळी साखळी तो आत तयार करतो. त्यातून बाहेर पडतं ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या गिटारसारखं, म्हणजे पूर्ण शिजलेलं. ते तुम्ही दुसऱ्या अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये घातलंत की त्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प त्याला पुन्हा रंग देतो आणि त्याचा छोटा स्पीकर वरचे सूर पुन्हा कापतो. स्पीकरवर स्पीकर बसला. डब्याचा आवाज येतो तो यामुळे. कॅब ब्लॉक बंद केल्यावर अ‍ॅम्पमधून थोडं मोकळं वाटलं असणार, पण तोच प्रीसेट (साठवून ठेवलेली आवाजाची जुळणी) हेडफोनवर ऐकलात तेव्हा साखळीत स्पीकर कुठेच उरला नाही. गिटारचा स्पीकर उघडा, सपाट आवाज देत नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज थर्टी हा या क्षेत्रातला सगळ्यात परिचित १२ इंची स्पीकर घ्या. त्याचा पल्ला साधारण ७० ते ५००० हर्ट्झ आहे. पाच हजारांच्या वरची डिस्टॉर्शनची करकर तो गाळून टाकतो. ती चाळणी काढली की मधमाश्या उरतात.

त्यामुळे एकाच प्रीसेटवर दोन्हीकडे भागणार नाही. दोन करा. हेडफोनसाठीच्या प्रीसेटमध्ये कॅब ब्लॉक चालू हवाच. अ‍ॅम्पसाठीच्या प्रीसेटमध्ये कॅब बंद ठेवा आणि पुढचं इनपुट सोडून अ‍ॅम्पला ऑक्स (मोबाइलवरची गाणी लावायचं इनपुट) असेल तर तिथे जोडा, म्हणजे त्याचा प्रीअ‍ॅम्प वाटेतून बाजूला होईल. त्यासाठी लागणारी केबल मी पाठवतो, तिचे पैसे नकोत. ऑक्स नसेल आणि पुढचंच इनपुट वापरावं लागलं तर स्टॉम्पच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘लाइन’वरून ‘इन्स्ट्रुमेंट’वर आणा, आणि अ‍ॅम्प-कॅब दोन्ही मॉडेल काढून फक्त इफेक्ट्स वापरा. त्या छोट्या स्पीकरकडून मार्शलच्या चार स्पीकरवाल्या खोक्याची अपेक्षा मात्र धरू नका. ते कुठलंच यंत्र करून देणार नाही, दुप्पट किमतीचंही नाही.

टोन जमवण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की कारखान्यातून आलेले प्रीसेट एकेक करून सगळे ऐकले आणि एकही वापरण्यासारखा निघाला नाही. मी सांगेन, ते सगळे बाजूला ठेवा. दुसऱ्याच्या गिटारवर, दुसऱ्याच्या पिकअपवर, दुसऱ्याच्या खोलीत ते बनलेले असतात. कोऱ्या प्रीसेटवर एक अ‍ॅम्प आणि एक कॅब ठेवा, बाकी काही नको. रिव्हर्बसुद्धा नको, कारण तो दोष झाकतो. तुम्हाला हवा होता तो रॉकचा करकरीत आवाज ‘ब्रिट २२०४’ या मॉडेलमध्ये आहे. ते मार्शलच्या ५० वॉटच्या जेसीएम ८०० अ‍ॅम्पवर बेतलेलं आहे. त्यात गेन, म्हणजे करकर वाढवणारं बटण, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. एकट्याने वाजवताना जास्त गेन भरलेला वाटतो, पण ड्रम आणि बेस गिटार आले की तोच आवाज चिखल होतो. मिड, म्हणजे मधले सूर, मात्र कमी करू नका. बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिडमुळेच.

मग कॅबकडे जा. मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो, कारण माझ्या अनुभवात अ‍ॅम्पचं मॉडेल बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त कॅब आणि माइकने पडतो. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला माइक घ्या. तो स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज धारदार होतो, कडेकडे सरकवला की मऊ होत जातो. स्टॉम्पच्या नव्या कॅबमध्ये माइक असा सरकवता येतो. यंत्र अपडेट केलं नसेल तर आधी ते करा. टोचणारा आवाज ट्रेबल कमी करून घालवण्याआधी माइक बोटभर बाजूला घेऊन बघा. त्यानंतर कॅबमधलाच लो कट (खालचे सूर कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर आणि हाय कट (वरचे सूर कापणारा) ६ ते ७ हजारांवर ठेवा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ती ८२ हर्ट्झला. तिच्याखाली तुमचं फारसं काही नसतं, नुसती गुरगुर असते. हे सगळं ज्या आवाजाच्या पातळीवर रोज वाजवणार त्याच पातळीवर करा.

‘स्वस्तातलं गळ्यात मारलं’ हे मात्र मला मान्य नाही. क्वाड कॉर्टेक्स माझ्याकडे कपाटात होता. त्याची किंमत दुपटीहून जास्त, म्हणजे तो विकला असता तर माझाच जास्त फायदा होता. तुम्ही म्हणालात, मोटरसायकलवरून तालमीला जातो, पाठीवरच्या बॅगेत मावायला हवं, गाण्यात दोन-तीनच आवाज लागतात. त्यावरून मी स्टॉम्प सुचवला. त्याच्यात २०१५ साली आलेल्या लाइन सिक्सच्याच मोठ्या हेलिक्स यंत्राचीच मॉडेल्स आहेत, फक्त ताकद कमी म्हणून एका वेळी आठ ब्लॉक. क्वाड कॉर्टेक्स वाईट नाही. मोठी टचस्क्रीन आहे, साखळी कितीतरी लांब बांधता येते, आणि स्वतःच्या खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज त्यात उतरवून घेता येतो. कुणाकडे जपलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल आणि तो दर कार्यक्रमाला उचलून न्यायचा नसेल, त्याला मी तोच देईन. तुमच्याकडे असा अ‍ॅम्प नाही. आणि प्रॅक्टिस अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जोडला असता तर तोही तसाच डब्यासारखा वाजला असता.

तुलना करायचीच असेल तर ती नीट करू. दुकानात आम्ही दोन यंत्रं समोरासमोर ठेवतो तेव्हा दोन्हीकडे एकच इम्पल्स रिस्पॉन्स (खोकं आणि माइक यांच्या आवाजाची नोंदवलेली नक्कल) लावतो, म्हणजे खोकं आणि माइक सारखे. आवाज मीटरवर सारखा करतो, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मग गिटारचा एकच मुद्रित तुकडा दोन्हीतून सोडतो. असं केल्यावर २० वर्षं वाजवणारेसुद्धा डोळे मिटून कुठलं कुठलं ते सांगताना थांबतात. बोटांखाली थोडा फरक जाणवतो, तो खरा आहे, मी नाकारत नाही. त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे की नाही, ते तुम्ही स्वतः वाजवून ठरवा.

आमची परतीची मुदत १५ दिवसांची, ती तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. पण विचारायचं ते मी विचारलं नाही, त्यामुळे ती मुदत मी तुम्हाला लावणार नाही. या महिनाअखेरपर्यंत यंत्र आणून द्या, बिलावरची पूर्ण रक्कम परत मिळेल. क्वाड कॉर्टेक्स हवा असेल तर ती रक्कम त्यात वळती करून घेऊ. त्याआधी एकदा वर लिहिलेलं करून बघा, एवढी विनंती आहे. दुकानात गेल्या आठवड्यापासून एक बदल केला आहे. डेमोच्या खोलीत एक साधा प्रॅक्टिस अ‍ॅम्प आणि मध्यम किमतीचा हेडफोन ठेवला आहे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मॉडेलर आधी त्यांच्यावर, घरच्या आवाजात ऐकवतो. स्टुडिओ मॉनिटर नंतर.

पुण्याला येणं जमणार असेल तर सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी अकराला या, तेव्हा गर्दी नसते. तुमचीच गिटार, तुमचीच केबल आणि तो जुना अ‍ॅम्पही आणा. येणं जमत नसेल तर बिलावरच्या क्रमांकावर वेळ कळवा. त्या वेळी मी फोन करेन, आणि दोन्ही प्रीसेट जमेपर्यंत तुमच्यासोबत बसेन.